विश्लेषण : जागा ५३, दावेदार ९०, अमेरिकन फुटबॉलमध्ये राखीव लाइनमन कसा टिकतो?

मंगळवार, २६ ऑगस्ट. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे चार वाजले तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड वाजला होता. काही तासांत गणेश चतुर्थीची सकाळ उजाडणार होती. कार्यालयाबाहेर रस्त्यावर मंडपाच्या शेवटच्या माळा लागत होत्या आणि डिजिटल डेस्कवरच्या रात्रपाळीत माझ्या स्क्रीनवर नावांमागून नावे सरकत होती. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, प्रत्येक संघाने ९० खेळाडूंमधून ५३ निवडण्याची ती अंतिम वेळ होती. ३२ संघ, प्रत्येकी ३७ जण कमी. कागदावरचा हिशोब १,१८४ खेळाडूंचा.

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मामेभावाचा मेसेज मात्र वेगळ्याच विषयावर होता. ‘अगं, आमच्या ईगल्सने फ्रेड जॉन्सनला परत आणलं. आता झोप लागेल!’ हा फ्रेड जॉन्सन ना गोल करतो, ना चेंडू घेऊन पळतो. तो राखीव टॅकल आहे. २०२४ च्या मोसमात फिलाडेल्फिया ईगल्सकडे होता, मग जॅक्सनव्हिलकडे गेला आणि अंतिम कपातीच्या तोंडावर ईगल्सने सातव्या फेरीतील एक ड्राफ्ट निवड देऊन त्याला परत घेतले. तेव्हाच्या गतविजेत्या संघाला, ज्याच्याकडे लीगमधील सर्वोत्तम मानली जाणारी फळी होती, त्याला बाकावर बसणाऱ्या माणसाची एवढी निकड का वाटावी? या प्रश्नाच्या उत्तरात या खेळाचे निम्मे व्यवस्थापन दडले आहे. आणि माझ्या मते, आपल्या कार्यालयांतील माणसे आपण कशी मोजतो, याचाही एक धडा त्यात आहे.

पाच जणांची भिंत म्हणजे काय?

आपल्याकडे ज्याला फुटबॉल म्हणतात तो हा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे एका वेळी ११ खेळाडू मैदानात असतात. आक्रमण करणाऱ्या संघाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. त्याच्यासमोर पाच धिप्पाड माणसांची फळी उभी असते. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गार्ड आणि दोन्ही टोकांना एकेक टॅकल. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. त्या क्षणापासून दोन-तीन सेकंद या पाच जणांनी समोरून धावून येणाऱ्यांना थोपवायचे असते. धावपटूसाठी वाट मोकळी करणे हेही त्यांचेच काम.

या पाच जणांच्या नावापुढे गुण लागत नाहीत, धावलेले यार्डही लागत नाहीत. त्यांचे नाव समालोचक घेतो ते बहुधा त्यांनी नियम मोडल्यावर किंवा त्यांच्या बाजूने कुणी घुसून क्वार्टरबॅकला पाडल्यावर.

बचाव करणाऱ्या संघाचीही फळी असते. पण तिथे राखीव खेळाडू आलटून पालटून आत-बाहेर होतात. धावून जाणाऱ्याला दम घ्यावाच लागतो. आक्रमक फळीत तसे नसते. पाच जण पहिल्या स्नॅपपासून शेवटच्यापर्यंत तेच. कारण त्यांचे काम एकमेकांच्या अंदाजावर चालते. शेजारचा कधी वळेल, आपण समोरच्याला कधी त्याच्या हवाली करायचे, हे न बोलता कळावे लागते. त्यामुळे बचावातील राखीव खेळाडूला दर आठवड्याला काम मिळते. आक्रमक फळीतील राखीव खेळाडू आठवडेच्या आठवडे नुसता उभा राहू शकतो. आणि मग एका रविवारी कुणाचा तरी घोटा मुरगळतो. पुढच्याच स्नॅपला त्याला लीगमधील सर्वात वेगवान माणसासमोर उभे राहायचे असते. या लेखात ‘राखीव लाइनमन’ म्हणजे आक्रमक फळीतील हाच माणूस.

नियम काय सांगतो?

मुख्य संघात ५३ खेळाडू. त्याशिवाय १६ जणांचे सराव पथक. सामन्याच्या दिवशी मात्र ५३ पैकी सगळे खेळायला उभे राहू शकत नाहीत. २०२० मध्ये खेळाडूंची संघटना आणि लीग यांच्यात झालेल्या करारानुसार ४८ जणांना उतरवता येते, पण एका अटीवर. त्यात किमान आठ आक्रमक लाइनमन हवेत. आठ नसतील तर मर्यादा ४७ वर येते.

ही अट मला नियमावलीतील सर्वात शहाणी ओळ वाटते. पाच मुख्य आणि तीन राखीव. आठवा लाइनमन ठेवलात तर तो तुमची इतर कुणाची जागा खात नाही. नाही ठेवलात तर जागाच गमावता. सक्ती न करता योग्य वागणुकीला बक्षीस देणारा हा नियम आहे.

सराव पथकातील दोघांना एका सामन्यापुरते वर आणता येते. मात्र एका खेळाडूला नियमित मोसमात तीनदाच असे आणता येते. चौथ्यांदा हवा असेल तर त्याला मुख्य संघात घ्यावे लागते. त्यामुळे बहुतेक संघ ५३ मध्ये आठ ते दहा लाइनमन ठेवतात आणि आणखी दोन-तीन सराव पथकात.

खरी ओढाताण नवव्या जागेसाठी असते. सहावा लाइनबॅकर किंवा पाचवा रिसीव्हर किकच्या वेळी धावत जाऊन प्रतिस्पर्ध्याला पाडू शकतो. १४० किलोच्या लाइनमनकडून तशी अपेक्षा नसते. तो फील्ड गोलच्या वेळी भिंतीत उभा राहतो, एवढेच. म्हणजे नववा लाइनमन ठेवणारा प्रशिक्षक एका अर्थाने विमा घेत असतो आणि हप्ता म्हणून कामाचा एक धावता खेळाडू देत असतो.

राखीव तिघे कोण असावेत?

वरकरणी उत्तर सोपे वाटते. पाच मुख्य खेळाडूंनंतर जे तीन सर्वोत्तम, ते ठेवावेत. पण चांगले संघ तसे करत नाहीत.

समजा सहावा, सातवा आणि आठवा सर्वोत्तम हे तिघेही गार्ड आहेत. मग टॅकल जायबंदी झाला तर? म्हणून निवड माणसांची नव्हे, जागांची होते. पहिला राखीव हवा तो डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही टोकांना उभा राहू शकणारा टॅकल. त्याला स्विंग टॅकल म्हणतात. ऐकायला किरकोळ वाटते, पण डावीकडून उजवीकडे जाणे म्हणजे पाय, हात, वजन, सारे आरशातल्यासारखे उलटे करणे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला एका रात्रीत डाव्या हाताने वळणदार अक्षर काढायला सांगण्यासारखे.

दुसरा हवा तो गार्ड आणि सेंटर दोन्ही खेळू शकणारा. सेंटरचे काम निव्वळ ताकदीचे नाही. समोरची रचना वाचून कुणी कुणाला अडवायचे हे तो स्नॅपआधी ओरडून सांगतो. स्नॅप जरा वर-खाली गेला तर सगळा डावच फसतो. त्यामुळे एखादा राखीव गार्ड अंगाने कितीही दणकट असला, तरी स्नॅप देता येत नसेल तर त्याची जागा धोक्यात असते. सराव संपल्यावर कोपऱ्यात एकटाच शेकडो स्नॅप देत बसलेला गार्ड दिसला, तर तो त्याच्या नोकरीसाठी राबत असतो.

तिसरी जागा संघागणिक बदलते. मुख्य टॅकल पस्तिशीकडे झुकला असेल तर दुसरा टॅकल. फळी तरुण असेल तर अनुभवी गार्ड. काही संघ इथे दोन वर्षांनी तयार होईल असा कच्चा पोरगा ठेवतात. काही संघ सहावा लाइनमन मुद्दाम मैदानात आणतात. ५० ते ७९ क्रमांकाचा खेळाडू एरवी पास झेलू शकत नाही. तो पंचांना सांगून त्या स्नॅपपुरता पात्र ठरतो आणि टोकाला जास्तीचा अडवणारा म्हणून उभा राहतो. अशा भूमिकेत चालणारा राखीव खेळाडू जास्त दिवस टिकतो.

इंजिनीअरिंगमध्ये विश्वासार्हतेचा एक धडा असतो. एकापाठोपाठ एक जोडलेले घटक असतील, तर सगळे चालले तरच यंत्रणा चालते. आक्रमक फळी तशी आहे. चार उत्तम आणि एक कच्चा असेल तर प्रतिस्पर्धी त्या एकावरच हल्ला करतो. निव्वळ समजण्यासाठी एक गणित करू. समजा प्रत्येक मुख्य लाइनमन कोणत्याही सामन्यासाठी तंदुरुस्त असण्याची शक्यता ९५ टक्के आहे. मग पाचही जण एकाच वेळी तंदुरुस्त असण्याची शक्यता उरते सुमारे ७७ टक्के. १७ सामन्यांच्या मोसमात जवळपास चार सामन्यांत कुणीतरी बाहेर. शक्यता ९० टक्के धरली तर हा आकडा सातवर जातो. प्रत्यक्षात दुखापत एका आठवड्यात बरी होत नाही, त्यामुळे चित्र याहून गुंतागुंतीचे असते. पण मुद्दा पोहोचतो. राखीव खेळाडू लागेल का, असा प्रश्नच नाही. तो कोणत्या आठवड्यात लागेल, एवढेच ठरायचे असते.

सराव सामन्यांवरून काय कळते?

ऑगस्टमध्ये बहुतेक संघ तीन सराव सामने खेळतात. राखीव खेळाडूंची परीक्षा तिथे होते, पण तिचे गुण जसेच्या तसे धरता येत नाहीत. उत्तरार्धात समोर उभा असलेला खेळाडूही बहुधा आठवडाभरात घरी जाणाराच असतो. त्याला २० वेळा अडवले, यातून फारसे सिद्ध होत नाही. म्हणून प्रशिक्षक चित्रफितीत निकाल पाहत नाहीत, पाय पाहतात. पहिले पाऊल वेळेवर पडले का? तोल पुढे गेला का? समोरच्यांनी जागा अदलाबदल करून चकवले तेव्हा हा गोंधळला का? तिसऱ्या सत्रात थकल्यावर तंत्र टिकले का?

दोन संघांच्या संयुक्त सरावाला म्हणूनच अलीकडे महत्त्व आले आहे. तिथे राखीव टॅकलला दुसऱ्या संघाच्या पहिल्या फळीतील माणसासमोर उभे करता येते.

अडचण अशी की खऱ्या टकरीचे सराव कमी झाले आहेत. खेळाडूंच्या आरोग्यासाठी पूर्ण पॅड घालून होणाऱ्या सरावांवर करारानेच मर्यादा घातली आहे. संपूर्ण नियमित मोसमात असे १४ सराव करता येतात. मेंदूच्या दुखापतींचा इतिहास पाहता ही मर्यादा योग्यच. पण तिची किंमत सर्वात जास्त राखीव लाइनमन मोजतो. त्याची कला धक्का दिल्या-घेतल्याशिवाय शिकता येत नाही आणि मोसमात सरावाचे बहुतेक स्नॅप मुख्य पाच जणांकडे जातात.

‘वेव्हर्स’चा जुगार काय असतो?

चारपेक्षा कमी मोसमांचा अनुभव असलेल्या खेळाडूला काढले की तो थेट मोकळा होत नाही. बाकीच्या ३१ संघांना त्याच्यावर दावा सांगण्याची मुभा असते. गेल्या वर्षी ज्यांची कामगिरी वाईट, त्यांचा हक्क आधी. कुणीच दावा केला नाही, तरच जुना संघ त्याला सराव पथकात घेऊ शकतो. याला वेव्हर्स म्हणतात.

इथे निवडीचा प्रश्नच बदलतो. ‘कोण चांगला?’ याऐवजी ‘कुणाला सोडले तर परत मिळणार नाही?’ असे विचारावे लागते. तरुण, उंच, लांब हातांच्या टॅकलवर सगळ्यांचा डोळा असतो. चांगले टॅकल दुर्मीळ आहेत. त्याला सोडले तर गेलाच. उलट ३१ वर्षांचा भरवशाचा गार्ड पहिल्या आठवड्यात जास्त उपयोगी असूनही घरी पाठवला जातो. चार मोसम पूर्ण केलेल्यांना ऑगस्टमध्ये वेव्हर्स लागू नसतात. त्याला कानात सांगितले जाते, ‘आज सोडतो, उद्या-परवा परत ये.’ दरम्यान जायबंदी खेळाडूंना दुखापतग्रस्तांच्या यादीत हलवले जाते, जागा मोकळी होते आणि तो परततो.

यात दोन्ही बाजूंना माहीत असलेली आणखी एक मेख आहे. चार मोसम पूर्ण केलेला अनुभवी खेळाडू पहिल्या सामन्याच्या वेळी संघात असेल, तर त्या मोसमाच्या वेतनाची हमी त्याला मिळू शकते. पहिल्या सामन्यानंतर घेतला तर तशी हमी नसते. त्यामुळे काही अनुभवी राखीव खेळाडूंना दुसऱ्या आठवड्यातच बोलावणे येते. हे सारे नियमात बसते. पण ‘परत ये’ या तोंडी शब्दावर घरी बसलेल्या माणसाच्या डोक्यावर सगळी जोखीम राहते आणि संघाच्या खिशाला तोशीस लागत नाही. मला हे खटकते. भरवसा मागणाऱ्याने थोडा भरवसा लेखी द्यायला हवा.

पैशांचा हिशोब कसा चालतो?

२०२५ साठी प्रत्येक संघाची एकूण वेतनमर्यादा २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. त्या वर्षी नवोदिताचे किमान वार्षिक वेतन ८ लाख ४० हजार डॉलर होते. १८ आठवड्यांत विभागले तर आठवड्याला साधारण ४६ हजार ६०० डॉलर. सराव पथकातील तरुणाला त्या वर्षी आठवड्याला किमान १३ हजार डॉलर मिळत. म्हणजे ५३ वा आणि ५४ वा यांच्या कौशल्यात केसाचा फरक असला, तरी पगारात साडेतीन पटींचा फरक पडतो. शिवाय सराव पथकातील माणसाला कोणत्याही मंगळवारी निरोप मिळू शकतो.

अनुभवी खेळाडूचे किमान वेतन नवोदितापेक्षा जास्त. संघांनी म्हणून त्यांना टाळू नये यासाठी सोय आहे. ठरावीक करारांत त्याचे पूर्ण वेतन वेतनमर्यादेत धरले जात नाही, दोन वर्षे अनुभव असलेल्या खेळाडूइतकेच धरले जाते. हाही शहाणा नियम. तरीही स्वस्त आणि नवा, की महाग आणि माहितीतला, या तुलनेत पारडे बऱ्याचदा नव्याकडे झुकते.

चुकले तर काय होते?

७ फेब्रुवारी २०२१, सुपर बोल. कॅन्सस सिटी चीफ्स हा गतविजेता संघ, पॅट्रिक महोम्ससारखा क्वार्टरबॅक. पण त्याच्या दोन्ही बाजूंचे मुख्य टॅकल बाहेर होते. मिचेल श्वार्ट्झ ऑक्टोबरपासून पाठीच्या दुखण्याने, तर एरिक फिशर उपांत्य लढतीत टाचेचा स्नायू फाटल्याने. गार्ड लॉरां ड्यूव्हर्ने-टार्डिफ पेशाने डॉक्टर. करोनाकाळात रुग्णसेवेसाठी त्याने मोसम सोडला होता. आणखी एक गार्ड ऑक्टोबरमध्येच गुडघ्याच्या दुखापतीने गेला होता. मग उजवीकडचा माणूस डावीकडे, गार्डमधला टॅकलवर, अशी अदलाबदल झाली. वर्षभरापूर्वीची सुपर बोल जिंकलेल्या फळीपैकी आपल्या जुन्याच जागेवर उभा होता तो फक्त सेंटर. महोम्स सामनाभर जीव मुठीत घेऊन पळत राहिला. टॅम्पा बेने ३१-९ असा विजय मिळवला. चीफ्सला एकही टचडाउन करता आला नाही.

राखीव टॅकल एकच भरवशाचा असेल आणि दोन जागा रिकाम्या झाल्या, तर काय होते, याचे हे जिवंत उदाहरण. एकाच सुट्या भागावर दोन यंत्रांचा भरवसा ठेवला होता.

याच्या उलट चित्र तीन वर्षे आधीचे. २०१७ च्या मोसमात ईगल्सचा डावा टॅकल जेसन पीटर्स ऑक्टोबरमध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने बाहेर गेला. त्याची जागा हालापुलिवाटी वाइताई या पाचव्या फेरीत निवडलेल्या राखीव टॅकलने घेतली. सुरुवातीला तो चाचपडला. पण ४ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यू इंग्लंडविरुद्धच्या सुपर बोलमध्ये ईगल्सचा क्वार्टरबॅक एकदाही चेंडूसह पाडला गेला नाही. ईगल्स ४१-३३ असे जिंकले. तो क्वार्टरबॅक निक फोल्सही राखीवच होता. त्याचा पुतळा स्टेडियमबाहेर उभा राहिला. वाइताईचे नाव आज फिलाडेल्फियाबाहेर फारसे कुणाला आठवत नाही.

त्याच ईगल्सची फळी २०२० मध्ये दुखापतींनी मोडली. जवळजवळ दर आठवड्याला नवी पाच माणसे. क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ त्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक, ५० वेळा पाडला गेला. संघाने केवळ चार सामने जिंकले. मुख्य प्रशिक्षकाची नोकरी गेली. वेंट्झ दुसऱ्या संघाकडे गेला.

तरीही त्या मोडलेल्या वर्षातून काय मिळाले?

जॉर्डन मैलाटा मिळाला. हा ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीग खेळाडू. २०१८ मध्ये ईगल्सने त्याला २३३ व्या क्रमांकावर निवडले, तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. फळीचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी त्याला शून्यापासून शिकवले. पहिल्या वर्षी एकही सामना नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. वेव्हर्सवर सोडला असता तर कुणी ना कुणी उचललाच असता, म्हणून संघाने मौल्यवान जागा अडवून ठेवली. २०२० मध्ये दुखापतींमुळे त्याला उतरवावे लागले.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. २०१९ मध्ये ईगल्सने आंद्रे डिलार्डला पहिल्या फेरीत, खास डाव्या टॅकलच्या जागेसाठी निवडले होते. २०२१ च्या शिबिरात दोघांत थेट स्पर्धा झाली आणि सातव्या फेरीतला जिंकला. ‘पहिल्या फेरीतील निवड वाया गेली असे म्हणतील,’ या भीतीने संघ मागे हटला नाही. डिलार्डला काढलेही नाही. त्याला राखीव म्हणून ठेवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सने चीफ्सना ४०-२२ असे हरवले, तेव्हा डाव्या टोकाला मैलाटाच होता. समोर चीफ्सला चांगला डावा टॅकल न सापडल्याने गार्ड जो थुनी याला तिथे हलवावे लागले होते. महोम्स सहा वेळा पाडला गेला. आणि ज्या फ्रेड जॉन्सनच्या बातमीने आमच्या दादाला झोप लागली, त्याने त्याच मोसमात मैलाटा जायबंदी असताना डावी बाजू सांभाळली होती. मैलाटाविना झालेले चारही सामने ईगल्सने जिंकले. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये जॉन्सनला कुणीही निवडलेले नव्हते.

मग बरोबर पद्धत कोणती?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी चाकणच्या एका कारखान्यात इंटर्नशिप करत होते. कूलिंगच्या पाण्यासाठी दोन पंप होते, एक चालू आणि एक स्टँडबाय. एके दिवशी चालू पंप बसला. स्टँडबायचे बटण दाबले, तर तो जागचा हलेना. कित्येक महिने फिरवलाच नव्हता. शाफ्ट जाम झाला होता. अर्धी पाळी वाया गेली. तिथले वयस्कर फिटरकाका कपाळाला हात लावून म्हणाले, ‘ताई, कागदावर दोन पंप होते. खरा एकच होता.’ त्यानंतर दर सोमवारी अर्धा तास स्टँडबाय चालवायचा, असा नियम झाला.

राखीव लाइनमनच्या बाबतीत माझे मत या पंपावरूनच बनले आहे. पहिली गोष्ट, राखीव तिघे सुटे सुटे निवडू नयेत. पाचही जागा आणि एकाच वेळी दोन दुखापती, एवढे झाकले जाते का ते पाहावे. दुसरी, राखीव माणूस चालता ठेवावा. सहाव्या लाइनमनचे खास डाव, संयुक्त सराव, निकाल लागलेल्या सामन्याची शेवटची दहा मिनिटे, जिथे मिळेल तिथे त्याला खरे स्नॅप द्यावेत. तिसरी, त्याला कितव्या फेरीत निवडले होते हे शिबिर सुरू झाल्यावर विसरावे. खर्च होऊन गेलेली निवड परत येत नाही; तिच्या लाजेखातर कच्चा माणूस ठेवला तर नुकसान दुप्पट.

याला एक रास्त आक्षेप आहे. जागा ५३ च आहेत. दहा लाइनमन ठेवले तर दुसरीकडे कुणीतरी कमी पडेल आणि किक परतवताना सामना गेला तर दोष याच हिशोबाला लागेल. शिवाय मुख्य पाच जणांना विश्रांती देऊन राखीवांना खेळवले, तर त्यांचा आपसातला ताळमेळ बिघडतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच मी दहाचा हट्ट धरत नाही. तीनच ठेवा, पण चालणारे तीन ठेवा. कागदावरचे नकोत.

बाजारालाही हे हळूहळू पटते आहे. सॅन फ्रान्सिस्कोत ट्रेंट विल्यम्स या दिग्गजाच्या मागे राखीव म्हणून थांबलेल्या जेलन मूरला मार्च २०२५ मध्ये चीफ्सने दोन वर्षांसाठी सुमारे ३ कोटी डॉलरचा करार दिला. दोन सुपर बोलमधील पराभवांनी शिकवलेल्या धड्याची ती फी म्हणायची.

आपण यातून काय घ्यायचे?

आमच्या डेस्कवर प्रत्येक बातमीचा आकडा स्क्रीनवर दिसतो. कुणी किती वाचली, किती वेळ थांबले. पण रात्री अडीच वाजता मृतांचा आकडा चुकीचा जाण्यापासून ज्या सहकाऱ्याने अडवला, त्याचा आकडा कुठेच दिसत नाही. कारण ती चूक घडलीच नाही. लाइनमनचे काम तसेच आहे. त्याचे यश म्हणजे क्वार्टरबॅकच्या जर्सीला न लागलेली माती. आणि राखीव लाइनमन तर त्याहून एक पायरी मागे. त्याचे यश म्हणजे पहिला माणूस पडल्यावरही कुणाला फरक न जाणवणे. अशा माणसाची किंमत मोजायची पद्धत नसलेली संस्था कपातीच्या वेळी आधी त्यालाच काढते. आणि फरक तिला फेब्रुवारीत कळतो, सगळे जग बघत असताना.

४ सप्टेंबर २०२५ रोजी ईगल्स आणि डलास यांच्या सामन्याने तो मोसम सुरू झाला. आपल्याकडे तेव्हा शुक्रवारची सकाळ होती आणि दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. एखादा सामना पाहिलात तर एक करून बघा. चेंडू कुठे जातो ते दोन-चार स्नॅप विसरा. बाजूच्या रेषेवर हेल्मेट हातात धरून उभ्या असलेल्या तीन धिप्पाड माणसांकडे बघा. कुणी लंगडत बाहेर आला, की त्यातला एक हेल्मेट घालू लागेल. त्याला तिथे का ठेवले, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.